रॉकी पर्वतातील हिवाळी गुरेपालन

अमेरिकेच्या मॉन्टाना, वायोमिंग, कोलोरॅडो या राज्यांतील डोंगरखोऱ्यांत मांसासाठी पाळलेली गुरे हिवाळाभर उघड्यावर जगवण्याची पद्धत. गोठा इथे फारसा नसतोच. असला तर विणाऱ्या गायींपुरता. थंडी मात्र अशी, की मॉन्टानातील रॉजर्स पास येथे २० जानेवारी १९५४ रोजी पारा उणे ५७ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता.

तरीही गुरे दगावतात ती बहुधा नुसत्या थंडीने नव्हे. अंगावर दाट हिवाळी केस आलेली, धडधाकट, कोरडी गाय उणे ७-८ अंशांपर्यंत नेहमीच्या चाऱ्यावर तग धरते. तीच भिजली, की शून्याच्या वर १५ अंशांनाही तिला ऊब राखायला जादा शक्ती खर्चावी लागते. पोटात गवत आंबताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे पोटभर वैरण हीच गायीची शेगडी. ऑक्टोबर २०१३ मध्ये साउथ डकोटाच्या पश्चिम भागात आधी पाऊस झाला, मग हिमवादळ आले. हिवाळी केस अजून यायचे होते. हजारो गुरे गेली.

या व्यवसायाला सर्वांत मोठा धडा मिळाला तो १८८६-८७च्या हिवाळ्यात. तोवर गुरे मोकळ्या माळावर सोडून द्यायची आणि वैरण साठवायचीच नाही, असा बेफिकीर कारभार होता. १८८६चा उन्हाळा कोरडा गेला, त्यात गुरांची संख्या बेसुमार; माळ आधीच खरडून निघालेला. पुढे बर्फाचा वरचा थर वितळून पुन्हा गोठला आणि त्याचे कडक पापुद्रे झाले. घोडा टापेने बर्फ उकरून खालचे गवत खातो, गाय नुसते तोंड खुपसते. तिला हे कवच फुटेना. वाऱ्याकडे पाठ करून चालत गेलेले कळप काटेरी तारांपाशी अडले आणि तिथेच मेले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या डकोटातील कळपातली निम्म्याहून अधिक गुरे गेली. गुरांची हालहवाल विचारणाऱ्या मालकाला मॉन्टानातील गुराखी-चित्रकार चार्ल्स रसेल याने उत्तर म्हणून पोस्टकार्डाएवढे चित्र काढले: बर्फात उभी एक हाडकुळी गाय आणि टपून बसलेले लांडगे.

तेव्हापासून हिवाळ्याचे गणित उन्हाळ्यातच मांडले जाते. गायीला दिवसाला दहा-बारा किलो वाळले गवत लागते. पाच महिने बर्फ, म्हणजे गायीमागे दीड ते दोन टन. मॉन्टानातील सुमारे १,८०० मीटर उंचीवरील बिग होल खोऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये गवताची कापणी चालते. इथे १९१०च्या सुमारास ‘बीव्हरस्लाइड’ हे साधन निघाले: उंच, तिरपी लाकडी घसरण, जिच्यावरून गवताचा भारा ओढून वर नेतात आणि पलीकडे गंजीवर पाडतात. ‘दहा हजार गंज्यांचे खोरे’ हे या भागाचे टोपणनाव यातूनच आले. गंज्यांभोवती उंच कुंपण घालावे लागते. नाहीतर भुकेली एल्क हरणे गुरांच्या आधी पंगतीला बसतात.

रोजचे काम कंटाळवाणे आणि न टळणारे असते. ट्रॅक्टरने, तर काही ठिकाणी अजूनही घोडे जुंपलेल्या घसरगाडीने, वैरण रोज नव्या जागी पसरायची, म्हणजे जनावर चिखलात आणि शेणात बसत नाही. पाण्यावरचा बर्फ कुऱ्हाडीने फोडायचा. पाणी कमी पडले की गाय खाणेही कमी करते.

खरी परीक्षा फेब्रुवारी ते एप्रिल, वितीच्या हंगामात. वैरण संध्याकाळी टाकली तर जास्त गायी दिवसा वितात, असा अनुभव आहे; म्हणून कित्येकजण वेळ बदलतात. नुकतेच जन्मलेले ओले वासरू गारठले तर त्याला पुसून, कोमट पाण्यात बुडवून किंवा ट्रकच्या केबिनमध्ये हीटरसमोर ठेवून ऊब देतात आणि पहिल्या काही तासांत चीक पाजतात. वाचलेल्या वासराच्या कानांची गोठलेली टोके पुढे झडून जातात, आणि अशा बुटक्या कानांच्या वासराला बाजारात भाव कमी मिळतो.