गाढवपालन

गाढव (इक्वस असिनस) बाळगण्याची, त्याला खाऊ घालण्याची व त्याची निगा राखण्याची रीत. महाराष्ट्रात कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, परीट या समाजांत ही जाणकारी पिढीजात आहे.

गाढवाचा आहार त्याच्या कोरड्या मुलखातील मुळाशी जोडलेला आहे. पाळीव गाढव आफ्रिकी रानगाढवापासून आले, यावर आता दुमत नाही. कच्छच्या रणातील रानगाढव (‘खूर’) ही जाती वेगळी. वाद आहे तो माणसाळवणे एकदा झाले की दोनदा, याचा. मायटोकाँड्रियल डीएनएच्या (केवळ आईकडून येणाऱ्या जनुकद्रव्याच्या) २००४ मधील अभ्यासात दोन वंशशाखा दिसल्या आणि त्यांवरून दोन स्वतंत्र प्रारंभ मानले गेले. २०२२ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेतून मात्र पूर्व आफ्रिकेत, इ. स. पू. सु. ५००० च्या सुमारास, एकच प्रारंभ सुचवला गेला. हे मत अधिक ग्राह्य वाटते. ओझे वाहिल्याच्या खुणा हाडांवर असलेले इजिप्तमधील अबायडॉसचे सांगाडे त्यानंतरचे, सु. ५,००० वर्षांपूर्वीचे आहेत.

गाढव रवंथ करीत नाही; चोथा त्याच्या मोठ्या आतड्यात आंबतो. त्यामुळे निकस, तंतुमय चाऱ्यावर ते चांगले पोसते. बिनकामाच्या जनावराला वजनाच्या साधारण १.३ ते १.८ टक्के सुका चारा रोज पुरतो, म्हणजे १२० किलोच्या गाढवाला दीड ते दोन किलो. गव्हाचे काड, वाळलेले गवत, कडब्याची कुट्टी चालते. ज्वारीची कोवळी हिरवी ताटे टाळावीत. भरडा, गूळ, शिळी पोळी यांनी हौसेचे गाढव लवकर सुटते, मानेवर चरबीची वळी धरते आणि पुढे खुरांच्या दाहाने लंगडते. (गुळाची चव त्याला कळत नाही ही म्हण खरी नाही, ते गोडाला चटकन लालचावते.) गुरांच्या व कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते, ते गाढवाला विषारी आहे. मिठाची वीट व स्वच्छ पाणी कायम हवे. तहान ते दीर्घकाळ सोसते, पण घाण पाण्याला तोंड लावत नाही.

लठ्ठ गाढवाचा उपास हा खरा धोका. चारा सुटला की शरीर साठलेली चरबी भराभर रक्तात सोडते. यकृत ती पेलू शकत नाही, रक्तरस दुधाळ दिसू लागतो आणि काही दिवसांत जनावर दगावू शकते. याला हायपरलिपेमिया म्हणतात. गाभण व व्यालेल्या गाढवीत तो अधिक आढळतो. जोडीदाराची ताटातूट, लांबचा प्रवास किंवा दातदुखी एवढे निमित्तही पुरते. म्हणून वजन उतरवायचे तर चारा हळूहळू कमी करतात. पोट दुखले तरी गाढव घोड्यासारखे लोळण घेईलच असे नाही. मान खाली घालून, कान पाडून ते गप्प उभे राहते. त्याचा गरीबपणा म्हणून याकडे दुर्लक्ष होते.

खुरे घोड्याच्या मानाने उभट असून ओल शोषतात. पावसाळ्यात चिखलात बांधलेल्या गाढवाची खुरे कुजतात, त्यामुळे कोरडी, उंचवट्याची जागा व छप्पर लागते. खुरे रोज टोकरून साफ करावीत, दर सहा ते दहा आठवड्यांनी तासावीत. लोळायला कोरडी माती किंवा राख द्यावी. पाठीवरच्या जखमा बहुधा गोणपाटाच्या कठीण घडीमुळे होतात. धनुर्वाताची लस देतात. जंताचे औषध लेंडी तपासून देणे बरे. एकटे गाढव झुरते. गर्भकाळ सुमारे बारा महिन्यांचा असून बहुधा एकच शिंगरू होते.

जेजुरीला पौष पौर्णिमेस व मढीला रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचे बाजार भरतात. व्यापारी ओठ वर उचलून दात पाहतो व दुवान (दोन दातांचे), चौवान (चार दातांचे) असे वय सांगतो. हलारी, कच्छी व स्पिती या भारतात नोंदलेल्या जाती होत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सु. ३.२ लाख गाढवे होती, २०१९ मध्ये ती सु. १.२ लाख उरली.