‘विकायचे नाही’: चित्रांचा वारसा आणि करामागची पार्श्वभूमी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात वारसाकराचा विषय निघाला आणि मी करांवर सल्ला देतो, म्हणून इथे सांगलीत पंधरा दिवस माझा फोन थांबला नाही. बहुतेकांना शेतीची, प्लॉटची, एफडीची काळजी होती. गावभागातल्या एका घरातून मात्र वेगळा प्रश्न आला. वडील शाळेत चित्रकला शिकवायचे, २०१६ साली गेले. दोनशेच्या वर चित्रं मागे राहिली आहेत. त्यांवर काही भरावं लागेल का?

मी घरी गेलो. माळ्यावरून काढलेली जलरंगातली चित्रं दिवाणावर पसरली होती. एक उलटून पाहिलं, तर मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘मेणवली घाट, २३-१-८४. विकायचे नाही.’ या ओळीतल्या तारखेला आजही कायद्यात किंमत आहे. शेवटच्या दोन शब्दांना एके काळी होती, आता नाही. चित्रांच्या वारशामागचा करांचा इतिहास बराचसा या फरकात आहे.

जुना भाग थोडक्यात. १५ ऑक्टोबर १९५३ पासून आपल्याकडे इस्टेट ड्युटी होती. माणूस गेला की त्याच्या एकूण मालमत्तेवर ती आकारली जाई. पुढे वीस लाखांच्या वरच्या हिश्शावर हा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. मृत्यूच्या आधीच्या दोन वर्षांत दिलेल्या भेटीही हिशेबात परत ओढल्या जात. मात्र कुटुंबात जपलेली, विक्रीसाठी नसलेली चित्रं, रेखाटनं आणि हस्तलिखितं त्यातून वगळलेली होती. १९५७ च्या वेल्थ टॅक्समध्येही, म्हणजे दरवर्षी एकूण संपत्तीवर लागणाऱ्या करातही, तशीच सूट होती. कायदा आधी हेतू विचारायचा. विकण्यासाठी ठेवलंय की घरात राहावं म्हणून, यावर सूट ठरायची. मास्तरांनी पेन्सिलीने जे लिहिलं होतं, तीच कायद्याची भाषा होती.

१६ मार्च १९८५ पासून इस्टेट ड्युटी बंद झाली. वर्षाला जेमतेम वीस कोटी रुपये मिळत होते, वसुलीचा खर्च मोठा होता आणि एकाच मालमत्तेसाठी दोन कायद्यांचे हेलपाटे पडत होते, अशी कारणं तेव्हाच्या अर्थसंकल्पात दिली गेली. १९९३ पासून वेल्थ टॅक्स मोजक्या वस्तूंपुरता उरला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पाने तोही संपवला. म्हणजे वारशाने मिळालेल्या चित्रावर, ते मिळालं म्हणून, चाळीस वर्षांत कर नाही. गावभागातल्या त्या घराला मी हेच सांगितलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यावर विषय संपत नाही, कारण कर आता विक्रीच्या दारात उभा असतो.

इथे ‘वैयक्तिक वापराच्या वस्तू’ या शब्दांपाशी थांबावं लागेल. घरातली जंगम वस्तू, म्हणजे कपडे, फर्निचर, भांडी, स्वतःच्या किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांच्या वापराची असेल तर ती भांडवली मालमत्ता धरली जात नाही. ती विकून फायदा झाला तरी भांडवली नफ्याचा कर नाही. दागिने १९७० च्या दशकातच या सवलतीबाहेर काढले गेले. चित्रं मात्र आत होती.

तरी ‘वापर’ म्हणजे काय, यावर भांडण होतंच. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका माजी संस्थानिकाचं प्रकरण आलं. सोन्याची नाणी, चांदीच्या विटा आणि रुपये लक्ष्मीपूजनाला मांडले जात, म्हणून ते वैयक्तिक वापराचे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. वस्तूचा माणसाशी जवळचा आणि नेहमीचा वापराचा संबंध हवा, अशी कसोटी ठरली. ती चित्राला लावली की प्रश्न पडतो. भिंतीवरचं चित्र रोज पाहणं हा वापर आहे का? मी तरी आहे असंच म्हणेन. मग तेच चित्र ओल येते म्हणून ट्रंकेत ठेवलं, तर वापर संपला का? अशा वादात घरोघरच्या सवयी पुरावा म्हणून सांगाव्या लागत.

२००७ च्या अर्थसंकल्पाने हा वाद एका फटक्यात मिटवला. आर्थिक वर्ष २००७-०८ च्या विक्रीपासून पुरातत्त्वीय संग्रह, रेखाटनं, चित्रं, शिल्पं आणि ‘कोणतीही कलाकृती’ वैयक्तिक वस्तूंच्या सवलतीतून बाहेर गेली. त्या वर्षांत महानगरांतल्या लिलावात चित्रांचे आकडे कोटींत जात होते आणि तो पैसा कराबाहेर राहत होता, हे खरं. पण कायद्याने लिलावातलं चित्र आणि मास्तरांच्या माळ्यावरचं चित्र यांत काहीच फरक ठेवला नाही. किमतीची खालची मर्यादाही घातली नाही. माझ्या मते हा मोठा दोष आहे. दागिन्यांची निदान पावती असते. चित्रकाराच्या घरात स्वतःच्याच चित्राची पावती कुठून येणार?

शिवाय ‘कोणतीही कलाकृती’ याची व्याख्या कायद्यात नाही. फर्निचर अजून सवलतीत आहे, मग वाड्यातला नक्षीचा झोपाळा फर्निचर की कलाकृती? मिरजेची सतार रोज रियाजाला असेल तर ती वापराची वस्तू, हे कुणीही मान्य करेल. तीच सतार आजोबांनंतर काचेच्या कपाटात गेली, कोरीवकामासाठी पाहिली जाऊ लागली आणि पुढे चांगल्या किमतीला विकली गेली तर? मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा जुन्या वाद्यांना गिऱ्हाईक वाढेल आणि हा प्रश्नही वाढेल. जिथे मी सल्ला देतो तिथे वाद्य वाजतं ठेवायला सांगतो आणि कोण वाजवतो ते लिहून ठेवायला सांगतो.

आता तारखेकडे. वारशाने आलेली वस्तू विकताना आधीच्या मालकाचीच खरेदी किंमत आणि त्याचाच धारणकाळ, म्हणजे वस्तू त्याच्याकडे होती तो काळही, वारसाला मिळतो. वस्तू आधीच्या मालकाकडे १ एप्रिल २००१ पूर्वी आली असेल, तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरता येते. मेणवली घाट १९८४ चा, म्हणून त्याला २००१ ची किंमत मिळते. मास्तरांनी २००९ मध्ये काढलेल्या चित्राला कागद आणि रंगाचा खर्च एवढाच आधार, बाकी सगळा नफा. एकाच हाताची दोन चित्रं, एकाच भावाने विकली, तरी कर वेगळा. त्यामुळे मागची पेन्सिलीची तारीख पुसू देऊ नका, फ्रेम बदलताना मागचा पुठ्ठा फेकू देऊ नका, हे मी आवर्जून सांगतो.

आमच्याकडे हे सांगणं सोपं, सांभाळणं अवघड. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातल्या घरांत तळमजल्यावरची कपाटं बुडाली. या घरातली चित्रं माळ्यावर होती म्हणून वाचली. प्रदर्शनांची पत्रकं, विक्रीची वही आणि गिऱ्हाइकांची पत्रं खालच्या कपाटात होती. त्यांचा लगदा झाला. २००१ ची किंमत सिद्ध करायला अशाच वहीचा उपयोग झाला असता. आता नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल हाच आधार. ही नोंदणी मुळात वेल्थ टॅक्सच्याच कायद्यातून आली, कर गेला तरी ती राहिली.

२३ जुलै २०२४ पासून हिशेब पुन्हा बदलला. आधी २० टक्के कर होता, पण महागाई निर्देशांकाने खरेदी किंमत वाढवून मिळायची. आता सरसकट साडेबारा टक्के, निर्देशांक नाही, आणि या दरासाठी वस्तू जवळ असण्याची मुदत ३६ ऐवजी २४ महिन्यांची. दर कमी झाला म्हणून लोक खूश आहेत, पण आकडे मांडून पाहा. २००१ मध्ये ५० हजारांचं चित्र आज ३ लाखांना गेलं, तर जुन्या पद्धतीने, २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२४-२५ चा ३६३ धरून, २३,७०० रुपये कर झाला असता. नव्याने ३१,२५० होतो. तेच चित्र ६ लाखांना गेलं तर जुना कर ८३,७०० आणि नवा ६८,७५०. किंमत साधारण आठपटीहून जास्त वाढली असेल तरच नव्या नियमात फायदा. ज्याचं नाव देशभर आहे त्याच्या चित्राला हे जमतं. जिल्ह्यात नावाजलेल्या चित्रकाराची किंमत इतकी क्वचितच चढते. विक्रीचे पैसे अटी पाळून राहत्या घरात गुंतवले तर सूट आहे, ती अजून टिकून आहे.

हयातीत देऊन टाकण्याचा मार्ग सगळ्यांनाच सुचतो. जुना गिफ्ट टॅक्स १९९८ मध्ये गेला, पण १ ऑक्टोबर २००९ पासून चित्रं-शिल्पं दुसऱ्या वाटेने आली: नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त किमतीची मिळाली, तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जातात. काकाने पुतण्याला दिलं तर कर नाही, पुतण्याने काकाला दिलं तर आहे. आणि शिष्य हा नातेवाईक नाही. गुरूने प्रेमाने हातात ठेवलेल्या चित्रावर शिष्याला कर लागू शकतो, तेच मृत्युपत्राने दिलं तर लागत नाही. सातारा-सांगलीत मृत्युपत्राला मुंबईसारखी प्रोबेटची, म्हणजे त्यावर न्यायालयाची मोहोर घेण्याची, सक्तीही नव्हती. तरी चित्रकार मृत्युपत्र करत नाहीत. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली की वारसा पार पडला, असं घरोघर समजतात.

मृत्युपत्रात आणखी एक गोष्ट गुंतलेली असते. चित्र विकलं तरी कॉपीराइट जात नाही. तो चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. पण प्रसिद्ध न झालेलं चित्र मृत्युपत्राने कुणाला दिलं आणि वेगळं काही लिहिलं नाही, तर कॉपीराइटही त्याच्यासोबत गेला असं कायदा धरतो. मूळ चित्र १० हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा मागता येतो. १९९४ च्या दुरुस्तीने आलेला हा हक्क आमच्या भागात कुणी वापरलेला मी पाहिला नाही.

संग्रह फुटू नये असं वाटत असेल, तर जवळचं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या औंधचं आहे. तिथल्या चित्रकार राजांनी १९३८ मध्ये, इस्टेट ड्युटी यायच्या पंधरा वर्षं आधी, यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूर यांचं शिल्प आजही तिथे एका छपराखाली आहेत. सरकारला, विद्यापीठाला किंवा अधिसूचित संग्रहालयाला कलाकृती दिली तर ते हस्तांतरच धरलं जात नाही, म्हणून भांडवली नफ्याचा प्रश्न उरत नाही. रविवर्म्याचं मूळ चित्र घरात असेल तर ते देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी स्थायिक झालेल्या लेकीला आधीच सांगितलेलं बरं. छापील तसबिरीची गोष्ट वेगळी.

१ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. गावभागातल्या घरात दोन्ही भाऊ आणि बहीण बसून यादी करत आहेत: चित्र, माप, साल, कुणाकडे जायचं. २००१ च्या आधीची आणि नंतरची असे दोन गठ्ठे केले आहेत. तारीख नसलेली एकोणीस चित्रं तिसऱ्या गठ्ठ्यात आहेत. मास्तरांचे जुने विद्यार्थी रविवारी येतात आणि घाट, झाड, पूल ओळखून साल लावायचा प्रयत्न करतात.