महिलांचे ऑफ-रोड मोटारसायकल प्रशिक्षण, नाशिक परिसर

डांबरी रस्ता सोडून मुरूम, माती, खडी, चिखल, कातळ आणि पाणी यांवरून मोटारसायकल ताब्यात ठेवून चालवण्याचे आणि पडलेली गाडी पुन्हा उभी करण्याचे शिक्षण. वेगाला यात फारसे स्थान नाही. प्राथमिक वर्गातले बहुतेक सराव पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने होतात. मोटोक्रॉसशी त्याची नेहमी गल्लत होते. पण मोटोक्रॉस ही मातीच्या आखीव धावपट्टीवरची शर्यत आहे. इथे पाणंद, ओढा किंवा उखडलेली घाटवाट पार करून गाडीसह सुखरूप परत येणे एवढेच साधायचे असते. तंत्र स्त्री-पुरुषांना एकच आहे. फरक पडतो तो गाडीच्या निवडीत आणि त्याहून जास्त मैदानावरच्या वातावरणात.

नाशिक शहर सह्याद्रीच्या पूर्व अंगाला, गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर आहे. मुंबईहून साधारण १७० आणि पुण्याहून २१० किमी असल्याने शनिवार-रविवारच्या वर्गाला दोन्हीकडून येणे जमते. मात्र या कामाला नाशिक सोयीचे ठरते ते जमिनीमुळे. एकाच जिल्ह्यात तीन तऱ्हेची जमीन मिळते. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात मुसळधार पाऊस, भातखाचरे, चढउतार आणि उघडा कातळ. मधल्या गोदावरी, दारणा आणि कादवा यांच्या खोऱ्यांत काळी माती, ऊस आणि द्राक्षबागा. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावकडे पर्जन्यछाया, म्हणजे कोरडे माळ आणि मुरूम.

मुरूम हा झिजलेला बेसॉल्ट. वरून घट्ट दिसतो, पण त्यावरचे सुटे खडे टायरखाली घरंगळतात आणि पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की पुढचे चाक निसटते. पडल्यावर खरचटते, पण गाडी रुतत नाही आणि चूक कुठे झाली ते लगेच कळते. म्हणून पहिला वर्ग मुरमाच्या सपाट माळावर घेतलेला बरा. काळी माती याच्या नेमकी उलट. कोरडी असताना बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक होतात आणि त्यांत शिरलेले चाक बाहेर निघत नाही. ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरून बसते, नॉबी (मोठ्या गुटक्यांचा) टायरसुद्धा गुळगुळीत होतो आणि मडगार्डखाली चिखल साचून चाक फिरायचे थांबते. जुलैत नवशिक्यांना अशा शेतात उतरवणे हे शिकवणे नव्हे, शिकवणाऱ्याची हौस आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. त्यातही जानेवारीपासून द्राक्षांची काढणी सुरू झाली की शिवारातल्या वाटांवर ट्रॅक्टर आणि पिकअपची वर्दळ वाढते. मग वर्ग माळावरच ठेवावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि छाती-गुडघ्यांना गार्ड बांधून दुपारी सराव करणे धोक्याचे होते.

पार्श्वभूमी : भारतात मातीवर चालवायच्या गाड्या बराच काळ टू-स्ट्रोक गाड्यांत फेरफार करून बनवल्या जात आणि त्यांचा वापर शर्यतींपुरता असे. नाशिकमध्ये राष्ट्रीय सुपरक्रॉस (उंचवट्यांच्या कृत्रिम मातीच्या धावपट्टीवरची शर्यत) स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत, त्यामुळे शहराला हे दृश्य नवे नाही. फक्त त्यात बाया दिसत नसत. शोरूममधून थेट मातीत नेता येईल अशी १५० सीसीची हिरो इम्पल्स २०११ मध्ये आली. त्याच वर्षी पुण्यात उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने ‘बाइकर्नी’ ही महिला चालकांची संघटना सुरू झाली. पुढे २०१६ मध्ये रॉयल एनफिल्ड हिमालयन आणि २०१९ मध्ये हिरो एक्सपल्स २०० आली आणि ऑफ-रोड गाडी मध्यमवर्गीय घराच्या पार्किंगमध्ये पोचली. बंगळूरच्या ऐश्वर्या पिसे हिने २०१९ मध्येच एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या बाहा (लांब पल्ल्याच्या ऑफ-रोड शर्यती) विश्वचषकात महिला गटाचे विजेतेपद मिळवले. त्याआधी, २०१५ च्या डकार या अनेक दिवस चालणाऱ्या खडतर रॅलीत स्पेनची लाया सांझ पुरुषांसकट सर्व मोटारसायकलस्वारांत नववी आली होती, सी. एस. संतोष याने भारतीयाची पहिली डकार पूर्ण केली ती याच वर्षी. स्नायूंची ताकद कमी म्हणून बायकांना माती जमत नाही, असे म्हणणाऱ्याला एवढे उत्तर पुरे.

गाडीची उंची : वर्गात नाव नोंदवताना सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न ‘माझे पाय पुरतील का?’ हाच असतो. स्कूटरची सीट साधारण ७६५ मिमी उंच असते. जुन्या हिमालयनची ८००, पहिल्या एक्सपल्स २०० ची ८२३, जुन्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरची ८५५ आणि एक्सपल्सच्या प्रो प्रकाराची तर ८९१ मिमी. पाच-सव्वापाच फूट उंचीच्या स्त्रीला यांतल्या बहुतेक गाड्यांवर दोन्ही टाचा टेकवता येत नाहीत. यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे गाडी खाली करून घेणे : सीटचा फोम कापणे, मागे लोअरिंग लिंक (मागचा भाग खाली आणणारा जोड) बसवणे, पुढचे फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) क्लॅम्पमध्ये वर सरकवणे. फोम थोडा कापायला हरकत नाही. बाकीचे मात्र सौदा म्हणून महागात पडते. सुमारे २२० मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर) घटतो आणि इंजिनाखालचा पत्र्याचा गार्ड दगडांवर आपटू लागतो. शिवाय गाडी खाली आली तरी साइड स्टॅन्ड तेवढाच लांब राहतो, त्यामुळे ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याने किंवा नुसत्या धक्क्याने पलीकडे कोसळते. स्टॅन्ड कापून वेल्डिंग करून घ्यायचे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

याऐवजी शिकवायचे असते एका पायावर थांबणे. थांबण्याआधी कंबर सीटच्या डाव्या कडेला सरकवायची, डावा पाय पूर्ण टेकवायचा आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवरच ठेवायचा. थांबायची जागाही निवडून घ्यायची. डाव्या बाजूला उंचवटा किंवा दगड असेल तिथे थांबावे, खळगा असेल तिथे थांबू नये. हे अंगवळणी पडले की उंचीचा प्रश्न मागे पडतो. शिवाय ऑफ-रोडमध्ये बराच वेळ फूटरेस्टवर उभे राहूनच गाडी चालवायची असते, आणि उभे राहिल्यावर सीट किती उंच आहे याने काही बिघडत नाही.

पहिला धडा : गाडी चालू करण्याआधी ती आडवी पाडून उचलायला लावतात. एक्सपल्सचे वजन दीडशे किलोच्या वर, हिमालयनचे जवळजवळ दोनशे. पण एवढा सगळा भार हातांवर येत नाही, कारण टायर जमिनीला टेकलेले असतात आणि गाडी त्यांच्यावरून वळून उभी राहते. इंजिन किल-स्विचने बंद करायचे. गाडी गिअरमध्ये आहे ना ते बघायचे, नाहीतर उभी होताच ती घरंगळते. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टॅन्ड आधीच बाहेर काढून ठेवायचा. हॅन्डल पूर्ण वळवून खालच्या बाजूची मूठ एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल किंवा फ्रेम धरायची, सीटला पाठ लावून खाली बसायचे आणि मागे-मागे लहान पावले टाकत उठायचे. जोर मांड्यांचा, कंबरेतून वाकून हातांनी ओढले तर गाडी हलत नाही आणि पाठ मात्र धरते.

महिलांची तुकडी वेगळी का, याचे उत्तर इथे मिळते. मिश्र तुकडीत बाईची गाडी पडली की चार जण धावत येतात आणि ती खाली वाकायच्या आत गाडी उचलून देतात. हेतू चांगलाच असतो, पण संध्याकाळपर्यंत तिने एकदाही गाडी उचललेली नसते, आणि मग त्र्यंबकच्या पलीकडच्या हरसूलच्या वाटेवर एकटीने जायची हिंमत तिला कुठून यावी? महिलांच्या तुकडीतही धावण्याचा मोह होतोच. चांगली प्रशिक्षक ‘थांबा, तिची ती उचलेल’ म्हणून सगळ्यांना जागच्या जागी उभे करते.

स्कूटरवरून आलेल्यांची अडचण वेगळी आहे. नाशिकमध्ये दुचाकी चालवणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा हात स्कूटरवर बसलेला असतो. तिथे डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक, मोटारसायकलवर तोच क्लच. घाबरल्यावर बोटे जुन्या सवयीने डावा लिव्हर गच्च आवळतात. उतारावर तसे झाले तर इंजिनाची ओढ सुटते आणि गाडी थांबायच्या ऐवजी सुसाट निघते. ही सवय मोडायला सपाटीवर हाफ क्लचचा (क्लच अर्धवट दाबून ठेवण्याचा) भरपूर सराव लागतो : लिव्हरवर दोनच बोटे, रेस एकसारखी, मागचा ब्रेक पायाने हलका दाबलेला आणि गाडी गोगलगायीच्या चालीने मैदानात मांडलेल्या शंकूंमधून. हात लहान असेल तर लिव्हर मुठीजवळ आणून घ्यावा लागतो आणि उभ्याने चालवताना मनगट मोडू नये म्हणून थोडा खाली कलवावा लागतो. वळताना गाडी आत झुकते, अंग बाहेर राहते आणि वजन बाहेरच्या फूटरेस्टवर पडते. डोळे पुढच्या चाकावर खिळले की गाडी तिथेच आडवी होते. ‘ताई, चाकाकडे नको, झाडाकडे बघा’ हे वाक्य प्रशिक्षकाला दिवसभर म्हणावे लागते. लायसन्सचाही मुद्दा आहे. विनागिअर दुचाकीचे लायसन्स या गाडीला चालत नाही. गिअरच्या दुचाकीची नोंद वेगळी करून घ्यावी लागते.

चढ आणि उतार : चढ चढणे सोपे, चढावर मध्येच बंद पडलेली गाडी सोडवणे अवघड, आणि अपघात बहुधा तिथेच होतात. चढावर वजन मागच्या चाकावर गेलेले असते, त्यामुळे नुसता पुढचा ब्रेक दाबून गाडी थांबत नाही. चाक अडकूनही ती मागे घसरते. बंद पडताच क्लच दाबायचा नाही, हा पहिला नियम. इंजिन बंद आणि पहिला गिअर पडलेला असला की मागचे चाक आपोआप जखडते. मग उताराच्या वरच्या बाजूला पाय टेकवून उतरायचे. खालच्या बाजूला कधीही नाही, कारण गाडी कलंडली तर अंगावर येते. हॅन्डल वळवून क्लच थोडा-थोडा सोडत-दाबत गाडी मागे घ्यायची आणि ती उताराला आडवी झाली की तोंड खाली करून परत निघायचे. खाली येताना पहिला गिअर, क्लच पूर्ण सुटा, अंग मागे आणि दोन्ही ब्रेक हलके. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर मातीवर तो बंद ठेवतात. तो सुटे खडे लागताच ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायला फार अंतर लागते. परत डांबरावर येताच चालू करायचा विसर पडू नये.

पाण्यात शिरण्याआधी स्वतः चालत जाऊन तळ चाचपायचा असतो. सह्याद्रीतल्या ओढ्यांचे गोटे शेवाळलेले असतात आणि पहिल्या पावसानंतर गढूळ पाण्यात खड्डा दिसत नाही. गुडघ्यावर पाणी असेल तर नवशिक्यांनी मागे फिरावे. पाण्यात पडून इंजिन बंद झाले तर लगेच स्टार्टर मारू नये. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर टाकल्यावरच गाडी सुरू करायची. टायरमधली हवा मातीसाठी रोजच्यापेक्षा कमी, साधारण २०–२२ पीएसआयपर्यंत उतरवतात. याखाली गेल्यास ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून फाटते. म्हणून हवा भरायचा पंप सोबत हवाच.

पोशाखात हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वर येणारे कडक बूट, गुडघे-कोपरांचे गार्ड, छाती-पाठीचे कवच आणि हातमोजे येतात. हेल्मेटवर आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असावा. बूट हा सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे; बायकांच्या मापाचे ऑफ-रोड बूट दुकानात सहज मिळत नाहीत आणि दोन मापे मोठा बूट घातला की गिअर लिव्हरखाली पाऊल शिरत नाही. छातीचे कवचही बहुधा पुरुषी घडणीचे असते, ते आतून घट्ट स्पोर्ट्स ब्रा घालून नीट बसते का हे आधी घरी पाहून घ्यावे. अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही, वेणी खाली बांधावी लागते. बांगड्या, अंगठ्या आणि मंगळसूत्र उतरवून ठेवायचे. मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का हे वर्गाच्या फीइतकेच महत्त्वाचे. ते नसले की बाया पाणी पिणेच टाळतात आणि नाशिकच्या उन्हात चक्कर येऊन पडतात. पडण्याच्या अशा घटनेचा दोष मग तंत्राला लावला जातो.

जागा : उघडा दिसणारा प्रत्येक डोंगर सरावाला मोकळा नसतो. शहराजवळचे बोरगड आणि त्र्यंबक रस्त्यावरचे अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे राहतात. वनजमिनीवर परवानगीशिवाय गाडी घालणे हा गुन्हा ठरतो. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समाविष्ट झालेल्या नांदूर मधमेश्वरच्या काठचा गाळ कितीही मोहात पाडणारा असला तरी तो वर्ज्यच मानावा. खासगी माळ मालकाला विचारून, पैसे देऊन घेता येतो. बांध फोडला, पाइपलाइनवरून गाडी गेली, तर पुढच्या वेळी त्या गावात कोणी उभे करत नाही. विम्याची अटही वाचून घ्यावी. नेहमीच्या वाहनविम्यात आयोजित शर्यत आणि वेगचाचणीतले नुकसान धरले जात नाही, त्यामुळे वर्गाच्या नावात हौसेने ‘रेस’ हा शब्द घालणे आयोजकांना नडू शकते.

मूलभूत वर्गानंतर पहिली खरी वाट म्हणून पेठ रस्त्यावरचा सावळघाट ओलांडून पलीकडच्या पाड्यांच्या कच्च्या वाटा किंवा त्र्यंबक-हरसूलकडचा भाग निवडता येतो. त्या भागात आशा सेविका आणि परिचारिका असल्याच वाटांवरून कामाला जातात. वाट कुठे खचली आहे ते त्यांना विचारावे, मोबाइलवरच्या नकाशाला नाही. दऱ्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. म्हणून अशा फेरीत किमान तीन गाड्या असाव्यात : एकीला लागले तर दुसरी तिच्यापाशी थांबते आणि तिसरी रेंज मिळेपर्यंत चढाने वर जाते.