शिंदीच्या झाडापासून एमडीपर्यंत: सोलापूर आणि नशाबंदीचे कायदे

८ मे १९३० रोजी सोलापुरातला जमाव रूपाभवानी मंदिराच्या बाजूला निघाला तो शिंदीची झाडं तोडायला. तीनच दिवसांपूर्वी गांधीजींना अटक झाली होती. शिंदी आणि दारूवरचा अबकारी कर इंग्रज सरकारच्या तिजोरीत पडत होता, म्हणजे झाड पाडलं की तेवढा महसूल बुडाला, असा सरळ हिशोब. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शंकर शिवदारे गेले, शहर पेटलं. १२ मेपासून मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. चार हुतात्म्यांचा इतिहास शहराला पाठ आहे. पण नशेवर नियंत्रण कुणी ठेवायचं आणि कशासाठी, हा वादही त्याच दिवशी सोलापूरच्या रस्त्यावर आला होता, ही त्या घटनेची दुसरी बाजू.

इंग्रजांच्या दृष्टीने नशा हा आधी जमाखर्चाचा विषय होता. अफूचा कायदा १८७८ चा, मुंबई अबकारी कायदाही १८७८ चाच. ताडी, दारू, अफू, गांजा, सगळ्याला परवाना, मक्ता, लिलाव. गांजाबद्दल विलायतेत ओरड झाली तेव्हा १८९३ साली सात सदस्यांचा आयोग नेमला गेला. त्याने १,१९३ साक्षीदार तपासले. वैद्य, डॉक्टर, मामलेदार, पागलखान्याचे अधिकारी, शेतकरी. त्या काळी मुंबई इलाख्यातला गांजा प्रामुख्याने अहमदनगर जिल्ह्यात पिकत असे. आयोगाचा निष्कर्ष असा होता, की बेताने घेणाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही, अति घेणाऱ्याचं होतं. सरसकट बंदी घातली तर लोक याहून वाईट नशेकडे वळतील. तेव्हा लागवड ठरावीक ठिकाणी ठेवा, कर वाढवा, दुकानं कमी करा, जवळ किती बाळगायचा त्याला मर्यादा घाला. आज गांजा खुला करा म्हणणारे जो युक्तिवाद करतात तो बहुतेक सगळा तिथे सापडतो. फक्त आयोगाला नेमणारं सरकार स्वतःच त्या धंद्यातून कर घेत होतं, हे विसरून तो अहवाल वाचू नये.

स्वातंत्र्याच्या चळवळीने हे गणित उलटं केलं. परकीय सरकारचा महसूल म्हणून दारू वाईट, आणि गिरणीकामगाराचा पगार गुत्त्यावर जातो म्हणूनही वाईट. सत्ता हाती आल्यावर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. तो आजही नाव बदलून महाराष्ट्रात लागू आहे, आणि कागदोपत्री बघितलं तर परवान्याशिवाय एक घोट घेणंही गुन्हाच आहे. ‘परमिट रूम’ ही पाटी त्या कायद्याची शिल्लक. अफूचंही तसंच झालं: १९४९ साली ठरलं की दहा वर्षांत वैद्यकीय गरज सोडून अफू बंद करायची, आणि १ एप्रिल १९५९ पासून ती बंद झाली. नोंदणी असलेल्या जुन्या व्यसनींना तेवढी मुभा राहिली. सवय लागलेला माणूस एका रात्रीत सुटत नाही, हे त्या काळच्या कारकुनाला ठाऊक होतं.

गांजाची मुदत बाहेरून आली. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजाचा नशेसाठीचा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची अट होती. करार १९६४ च्या अखेरीस अमलात आला. भारताने त्यात एक खाच ठेवून घेतली. गांजा म्हणजे फुलोऱ्याचा शेंडा. शेंड्याशिवायची नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत नाहीत. म्हणून महाशिवरात्रीची, होळीची पानांची भांग केंद्राच्या कायद्यातून सुटली आणि राज्याच्या दारूबंदी कायद्याच्या ताब्यात राहिली.

१६ सप्टेंबर १९८५ ला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. हेरॉईन, चरस यांना किमान दहा वर्षं. स्वतःपुरती अल्प मात्रा सोडली तर किती माल सापडला याला शिक्षेत फारशी किंमतच नव्हती. पन्नास ग्रॅमवाला आणि पन्नास किलोवाला एकाच रांगेत. १९८९ मध्ये जामीन जवळपास बंद झाला आणि मोठ्या मालाच्या दुसऱ्या गुन्ह्याला सक्तीची फाशी आली. ती सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ च्या दुरुस्तीत ती न्यायाधीशाच्या मर्जीवर ठेवली गेली. प्रत्येक मोठ्या कारवाईनंतर ‘कायदा कडक करा, फाशी द्या’ अशी निवेदनं कलेक्टर कचेरीत जातात. देणाऱ्यांनी एकदा हे १९८९ चं पान उलटून पाहावं. कडकपणाची कमी या कायद्यात कधीच नव्हती.

वजनाचा हिशोब २ ऑक्टोबर २००१ पासून सुरू झाला, आणि आज सगळा खेळ त्यावर चालतो. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, एमडी म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेला नशेचा पदार्थ, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प गांजाला जास्तीत जास्त एक वर्ष किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. मधल्या पट्ट्यात दहा वर्षांपर्यंत. व्यापारी मात्रेला दहा ते वीस वर्षं आणि एक ते दोन लाख दंड, वर कलम ३७ मुळे जामीन महाकठीण.

सोलापूर ग्रामीणमध्ये उसाच्या किंवा तुरीच्या आडोशाला गांजाची झाडं सापडतात तेव्हा खटला कुठे ढिला पडतो, ते बघण्यासारखं आहे. झाडं मुळासकट उपटतात, ओली असतानाच देठ, पानं, मुळाची माती यांच्यासह काट्यावर चढवतात आणि पंचनाम्यात लिहितात ‘एकूण इतके किलो गांजा’. कोर्टात बचावाचा वकील व्याख्या वाचून दाखवतो: शेंडे किती होते? वेगळे मोजले का? नाही. मग व्यापारी मात्रा सिद्ध होत नाही आणि कलम ३७ गळून पडतं. लागवडीचा गुन्हा वेगळा राहतो, त्याला वजन लागत नाही आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत असते. पण कलमच चुकीचं लावलं असेल तर तोही हातचा जातो. दुसरी ठरलेली जागा अंगझडतीची. राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा तुझा हक्क आहे, हे त्या माणसाला स्पष्ट सांगावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये त्यात पळवाट ठेवली नाही. पिशवी किंवा गाडीच्या झडतीला ही अट नाही, पण खिशात सापडलं असेल तर आहे. तिसरी जागा नमुन्याची. गांजा, चरस, अफूचे २४ ग्रॅमचे, बाकीचे ५ ग्रॅमचे, प्रत्येकी दोन नमुने न्यायदंडाधिकाऱ्यासमोर काढायचे असतात. रस्त्यावरच पुड्या बांधून लॅबला पाठवल्या की वर्षभराने त्या पुड्यांचाच प्रश्न होतो.

बाहेरून येणारा गांजा बहुतेक आंध्र–ओडिशाच्या डोंगराळ सीमेवरचा. तो हैदराबादमार्गे पुण्याकडे जातो, आणि राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापुरातूनच जातो. त्यामुळे इथल्या मोठ्या कारवायांत सापडणारा माल सोलापूरसाठीच असतो असं समजू नये. पकडला जातो तो ड्रायव्हर. पाठवणारा एका राज्यात, घेणारा दुसऱ्या टोकाला, आणि तपास दोन राज्यांच्या हद्दीत अडकलेला.

आता ताडी. सोलापूरच्या सार्वजनिक मतात हिचं स्थान गांजापेक्षा वरचं आहे, कारण संसार मोडताना दिसतो तो हिच्याने. यंत्रमागावर पाळी करणारा, विडी वळणाऱ्या बाईचा नवरा, संध्याकाळी तिकडेच वळतो. झाडाचा रस पहाटे गोड असतो, ऊन चढलं की आंबतो, मद्यार्क साधारण चार-पाच टक्के. पण शहराला रोज लागते तेवढी ताडी देणारी झाडं आहेत कुठे? ही तफावत रसायनाने भरली जाते. सर्वांत बदनाम क्लोरल हायड्रेट, एके काळचं झोपेचं औषध. पिणारा मग ताडीच्या नव्हे, त्या औषधाच्या आहारी जातो. इथे नियंत्रणाची एक चूक जिवावर बेतते: छापे टाकून सगळी दुकानं एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येणं, भ्रम होणं, अंगाला कापरं भरणं सुरू होतं. २०१५ मध्ये तेलंगणात निजामाबाद, महबूबनगर भागात अशा रुग्णांनी दवाखाने भरले होते. छाप्याची तारीख सिव्हिलच्या मानसोपचार विभागाला आधी कळवून ठेवणं हा साधा उपाय आहे.

हातभट्टीबाबत जिल्ह्याने एक वेगळा प्रयोग पाहिला. गूळमिश्रित रसायनाची बॅरलं ओतायची, फोटो काढायचे, आठ दिवसांनी त्याच जागी पुन्हा भट्टी, हे चक्र वर्षानुवर्षं चाललं होतं. २०२१ मध्ये तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं: एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घ्यायचं, छापे चालूच ठेवायचे, पण सोबत समुपदेशन आणि दुसऱ्या धंद्याची सोय लावून द्यायची. मुळेगाव तांड्याचं नाव त्यात सर्वांत जास्त गाजलं. अशा मोहिमेचा कस अधिकाऱ्याची बदली झाल्यानंतर लागतो.

एमडीने मात्र जुनी मोजपट्टीच बदलली. हा पदार्थ एनडीपीएसच्या यादीत आला तो फेब्रुवारी २०१५ मध्ये. याला शेत लागत नाही, घाट लागत नाही. लागते एक शेड, वीज, पाणी आणि रसायनांची बिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीच्या कारखान्यांवर छापे पडले, आणि ते टाकायला मुंबई आणि नाशिकची पथकं आली होती. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळ कुरकुंभला तसाच कारखाना उघड केला. औद्योगिक वसाहतीत रसायनाचा वास, रात्रीची पाळी, टँकर यात कुणालाच काही वावगं वाटत नाही, हीच अडचण. भाड्याने शेड देणाऱ्याने कलम २५ वाचलेलं बरं: जागा या कामासाठी वापरली जाते हे माहीत असून दिली तर मालकालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. शेतजमिनीला कलम ४६ आणि ४७ आहेत. बेकायदा लागवडीची खबर देणं जमीनधारकावर, तसंच सरपंच, पंच आणि सरकारी नोकरांवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात गावात ज्याच्या शेतात आहे तो भावकीतला असतो, आणि खबर निनावी फोननेच येते.

लोकांच्या मनात नशेची उतरंड कायद्यापेक्षा वेगळी आहे. पंढरपूरच्या वाटेवरचा माळकरी दारूला शिवत नाही. पण झाडाखाली चिलीम ओढणाऱ्या बैराग्याकडे गाव दुर्लक्ष करतं. कॉलेजच्या पोराच्या खिशात तीच चिलीम सापडली की हाहाकार. बायकांचा राग दारूवर असतो, आणि त्यांच्या हातात निदान एक हत्यार आहे: वॉर्डातल्या किंवा गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की मतदान, आणि निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकानबंदीला, मत दिलं की परवानाधारक दुकान बंद. बेकायदा धंद्याला मात्र हे हत्यार लागू होत नाही, कारण त्याला परवानाच नसतो. आकड्यांकडे पाहिलं तर बायकांचा राग योग्य जागी आहे: केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेत होते, भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के.

शिक्षा की उपचार, हा वाद कायद्याने अर्धवट सोडवून ठेवला आहे. अल्प मात्रेत सापडलेल्या किंवा सेवनाचा आरोप असलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले, तर कलम ६४-अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाते. कलम ३९ खाली दोषी ठरल्यावरही कोर्ट त्याला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. ही कलमं क्वचितच वापरली जातात, कारण पहिल्या रिमांडला उभा राहणारा वकील जामिनाचा अर्ज टाकतो आणि घरच्यांना ‘व्यसनी’ हा शिक्का कागदावर नको असतो. मग पोराला कुठल्या तरी खासगी केंद्रात नेऊन कोंडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली अशा केंद्राला नोंदणी लागते आणि मर्जीविरुद्ध दाखल करायला ठरलेली पद्धत आहे. दार लावण्याआधी नोंदणीचा क्रमांक विचारावा. हेरॉईनच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे. एमडीसाठी तसं पर्यायी औषध नाही. झोप, खाणं, समुपदेशन आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा, एवढंच. चौकशीसाठी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे, आणि खबर देण्यासाठी जुलै २०२४ पासून १९३३.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थांविषयी समिती बसते. तिच्यासमोर सोलापूरपुरते चार कागद यायला हवेत: एमआयडीसीतल्या बंद आणि पोटभाड्याने दिलेल्या शेडची यादी, औषध दुकानांतल्या झोपेच्या गोळ्यांची विक्री, ताडीच्या नमुन्यांचे प्रयोगशाळेचे अहवाल, आणि सिव्हिलमध्ये व्यसनमुक्तीसाठी रिकाम्या असलेल्या खाटांची संख्या.