पाणी तापले, ऑइल अजून थंडच

हलकी स्पोर्ट्स कार नव्याने घेतलेल्या मालकांचे पहिल्या काही आठवड्यांतले प्रश्न इतके ठरलेले असतात की उत्तरे आधीच लिहून ठेवावीत. सकाळी दुसरा गिअर अडकतो, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसतो, सिग्नलला थांबले की ऑइल प्रेशर खाली येते, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. यांतल्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे तापमानाचा काटा मध्यावर आला की इंजिन तापले. तो काटा पाण्याचा, म्हणजे कूलंटचा असतो. ऑइलविषयी तो काहीही सांगत नाही.

पाण्याचे गणित बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे ते थोडक्यात आटोपतो. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, बंद असेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिनाभोवतीच्या लहान फेऱ्यात फिरते आणि म्हणून काही मिनिटांतच ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. तेथे थर्मोस्टॅट उघडतो आणि पुढे तापमान त्याच पट्ट्यात राखले जाते. शिवाय अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मंद ठेवलेला असतो; पाणी त्या पट्ट्यात थोडे वरखाली झाले तरी तो मध्यावरून हलत नाही. लोटस एलिससारख्या गाडीत काट्याऐवजी थेट अंशांतला आकडा दिसतो आणि वाहतूक कोंडीत तो शंभराजवळ गेला की नवा मालक धास्तावतो. दाबाखालचे, निम्मे कूलंट मिसळलेले पाणी १०० अंशांना उकळत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी ती धास्ती कमी होते.

आता ऑइल. त्याच्या मार्गात थर्मोस्टॅटने बंद केलेला लहान फेरा सहसा नसतो. चार-पाच लिटर ऑइल इंजिनाच्या तळाशी, वाऱ्याच्या माऱ्यात असलेल्या संपमध्ये, म्हणजे ऑइलच्या भांड्यात, साठलेले असते आणि पिस्टनची खालची बाजू, बेअरिंगमधले घर्षण, सिलिंडरच्या भिंती यांच्याकडून ते हळूहळू उष्णता घेते. म्हणून काटा मध्यावर आला, त्या क्षणी ऑइल बऱ्याचदा ५० अंशांच्या आसपासच असते आणि ८०-९० अंशांपर्यंत जायला त्याला आणखी तेवढाच, थंडीत त्याहूनही अधिक वेळ लागतो. पाण्याच्या साहाय्याने ऑइलचे तापमान राखणारा हीट एक्स्चेंजर असलेल्या इंजिनात हे अंतर कमी होते, पण नाहीसे होत नाही.

हे अंतर किती महत्त्वाचे आहे ते घट्टपणाच्या आकड्यांवरून कळते. ५डब्ल्यू-३० या श्रेणीचे ऑइल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (हे घट्टपणाचे एकक; आकडा मोठा तितके ऑइल घट्ट) इतके पातळ असावे असे मानक सांगते. तेच ऑइल ४० अंशांना साधारण ६० ते ७० सेंटीस्टोक, म्हणजे पाच-सहा पट घट्ट असते. असे घट्ट ऑइल पंप जोराने ढकलतो, त्यामुळे प्रेशरचा आकडा उंच दिसतो आणि मालक खूश होतो. प्रत्यक्षात दाब जास्त आहे याचा अर्थ प्रवाह जास्त आहे असा होत नाही. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून बरेचसे ऑइल परत संपमध्ये जाते आणि फिल्टरचा बायपास उघडला तर काही ऑइल न गाळताच पुढे जाते. हीच गाडी पूर्ण तापल्यावर आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, एक बारच्या (बार हे दाबाचे एकक) आसपास दाब दाखवते, तेव्हा तोच मालक घाबरतो, जरी ते बहुतेक इंजिनांत अगदी स्वाभाविक असते. गरम इंजिनात दर हजार आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे) सुमारे ०.७ बार हा जुना अंदाज आजही उपयोगी पडतो. मात्र पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५च्या मालकांनी आपली गाडी कोणत्या वर्षाची आहे ते आधी पाहावे, कारण १९९५ पासूनच्या गाड्यांतला ऑइल प्रेशरचा काटा दाब मोजतच नाही. पुरेसा दाब आहे की नाही एवढेच सांगणाऱ्या स्विचवर तो चालतो आणि एका जागी स्थिर राहतो.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो मला मुळीच पटत नाही. टोयोटाचे २झेडझेड-जीई इंजिन असलेल्या एलिसमध्ये ६,२०० आरपीएमच्या आसपास इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमचा दुसरा, त्या अधिक उघडणारा उंच लिफ्ट लागू होतो, पण पाणी पुरेसे तापेपर्यंत इंजिनाचा संगणक हा बदल होऊ देत नाही. त्यावरून ‘कॅम बदलला म्हणजे कंपनीनेच परवानगी दिली’ असे म्हटले जाते. ती किमान अट आहे, तीही पाण्याची, आणि ती पूर्ण झाल्याने बेअरिंगमधले ऑइल पातळ होत नाही. बीएमडब्ल्यूने ई४६ एम३मध्ये आरपीएमची लाल मर्यादा ऑइलच्या तापमानानुसार सरकणाऱ्या दिव्यांनी दाखवली होती. दोन्ही तापमाने वेगळी आहेत हे चालकाच्या डोळ्यांसमोर ठेवण्याची ती सर्वांत प्रामाणिक पद्धत मला वाटते. टोयोटा जीआर८६प्रमाणे ऑइलचा आकडा दिसण्याची सोय असेल, तर पडद्यावर कायम तोच ठेवावा.

सोय नसेल तर साधा नियम पुरतो. इंजिन सुरू करावे, आयडलिंग स्थिरावू द्यावे आणि लगेच निघावे. गाडी उभी ठेवून तापवत बसणे हा जुना संस्कार सोडून द्यायला हवा, कारण त्यात ऑइल फारच सावकाश तापते आणि थंड इंजिनाला दिलेले जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरत राहते. काटा मध्यावर यायला जितका वेळ लागला, तितकाच वेळ त्यानंतरही साडेतीन हजार आरपीएमच्या आत हलक्या पायाने चालवावे. ‘हलक्या पायाने’ यावर माझा भर आहे. आरपीएम कमी ठेवायचे म्हणून पाचव्या गिअरमध्ये दीड हजारावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणारे लोक बेअरिंगवर नको तेव्हा भार टाकतात आणि आपण काळजी घेतली असे समाधानही मानतात.

पांढरट चिकट्याचे उत्तरही येथेच आहे. इंजिनात ज्वलनातून आणि दमट हवेतून आलेले पाणी साठते आणि ऑइल नीट तापले तरच ते वाफ होऊन निघून जाते. रोज दहा मिनिटांचाच प्रवास असेल तर पाणी तापते, ऑइल तापत नाही, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, जो भाग सर्वांत थंड असतो तेथे, लोण्यासारखा थर जमतो. हेड गॅस्केट (इंजिनातले पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारे सील) गेले असा निष्कर्ष काढण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजणारी पट्टी, पुसून पाहावी आणि कूलंटची पातळी तपासावी. डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ आहे आणि पातळी घटत नाही, तर एक लांबचा प्रवास करून झाकण पुसून टाकावे. १९९६ पासूनच्या पहिल्या एलिसमध्ये रोव्हरचे के-सिरीज इंजिन होते आणि त्याचे हेड गॅस्केट बदनाम होते, त्यामुळे त्या मालकांची शंका रास्त आहे. इतरांनी ती उसनी घेऊ नये. केवळ रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला थर्मोस्टॅट नसलेला ऑइल कूलर बसवण्याची हौस तर मला कधीच कळलेली नाही. मुळातच उशिरा तापणारे ऑइल त्याने आणखी थंड राहते.

दुसऱ्या गिअरचा प्रश्न तिसऱ्याच द्रवाचा आहे. गिअरबॉक्सच्या ऑइलला इंजिनाची उष्णता फारशी मिळत नाही, ते चालूनच तापते, आणि घट्ट ऑइलमध्ये सिंक्रोमेशला, म्हणजे गिअर टाकताना चाकांची गती सारखी करणाऱ्या यंत्रणेला, ती जुळवायला वेळ लागतो. जुन्या एमएक्स-५च्या मालकांना हे चांगलेच परिचित आहे. काही किलोमीटर जाईपर्यंत गिअर सावकाश टाकावा, दांड्याशी झटापट करू नये.

ट्रॅकवर हाच गैरसमज उलट्या दिशेने नडतो. पाण्याचा काटा मध्यावरच असतो आणि ऑइल १२५ अंशांवर गेलेले असते. १३० दिसले की मी वेग कमी करतो, मग फेरी कितीही चांगली चालू असो. शेवटची फेरी सावकाश मारावी, म्हणजे ऑइल आणि ब्रेक दोन्ही थंड होतात. त्यानंतर इंजिन बंद केल्यावर पाण्याचा आकडा काही अंश वर चढतो, कारण पंप थांबलेला असतो आणि तापलेल्या धातूची उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते. पंखा तेव्हा आपोआप सुरू झाला तर त्याला त्याचे काम करू द्यावे. काही मिनिटांत तो थांबतो. त्यासाठी किल्ली फिरवून इंजिन पुन्हा सुरू करण्याची गरज नसते.