‘ला मेन्तिरा’ : भलत्याच व्यक्तीवर उगवलेल्या सुडाची पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या टेलेव्हिसा कंपनीने १९९८ मध्ये प्रसारित केलेली ‘ला मेन्तिरा’ ही टेलिनोव्हेला, म्हणजे रोज भागाभागाने चालणारी दूरचित्रवाणी मालिका, अनेकांना केट देल कास्तियो आणि गाय एकर यांच्या जोडीमुळे आठवते. तिचे कथानक मात्र त्या दोघांच्याही जन्माआधीचे आहे. देमेत्रियो नावाच्या तरुणाचा भाऊ एका स्त्रीच्या फसवणुकीने खचून आत्महत्या करतो आणि त्या स्त्रीच्या नावाचे ‘व्ही’ हे आद्याक्षर एवढाच धागा मागे उरतो. तो धागा धरून देमेत्रियो एका श्रीमंत घरापर्यंत पोहोचतो. त्या घरात एकत्र वाढलेल्या, नात्यातल्या दोन मुली आहेत, वेरोनिका आणि विर्हिनिया. दोघींचीही नावे ‘व्ही’ने सुरू होतात. कारस्थानी विर्हिनिया चेहऱ्यावरचा भोळा भाव ढळू देत नाही, आणि संशय जातो तो निष्पाप वेरोनिकावर. देमेत्रियो तिच्याशी लग्न करतो ते केवळ तिला शिक्षा देण्यासाठी, आणि त्या लग्नातच तिच्या प्रेमात पडतो.

या कथेच्या लेखिका कारिदाद ब्रावो अ‍ॅडम्स यांचा जन्म १९०८ मध्ये मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातील वियाएर्मोसा येथे, रंगभूमीवर काम करणाऱ्या दांपत्याच्या पोटी झाला. त्यांची लेखणी खऱ्या अर्थाने घडली ती मात्र क्युबात, हवानाच्या रेडिओवर. म्हणूनच मेक्सिकन टेलिनोव्हेलाची कुळकथा मेक्सिको सिटीत सुरू होत नाही, तिच्यासाठी आधी क्युबात जावे लागते. तेथील सिगार कारखान्यांत १८६० च्या दशकापासून एक प्रथा रूढ झाली होती. कामगार तंबाखूची पाने वळत बसलेले असत आणि त्यांनीच पदरमोड करून नेमलेला वाचक उंच आसनावरून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत असे. अन्यायाने तुरुंगात खितपत पडलेला नायक सुटून आल्यावर एकेकाचा हिशेब चुकता करतो, ती अलेक्झांद्र द्यूमाची कादंबरी कामगारांच्या विशेष आवडीची होती आणि ‘मॉन्टेक्रिस्टो’ या प्रसिद्ध सिगारला नाव मिळाले ते तिच्यावरूनच, असे सांगितले जाते. आजचे वाचन ऐन रंगात आलेले असताना थांबायचे आणि उरलेले उद्या ऐकायचे, ही सवय त्या श्रोत्यांना रेडिओ येण्यापूर्वीच लागलेली होती.

रेडिओने त्या सवयीचा धंदा केला. साबण आणि दंतमंजन विकणाऱ्या कंपन्या प्रायोजक झाल्या आणि रोज ठरलेल्या वेळी गृहिणीला रेडिओजवळ बसवणे हे लेखकाचे काम ठरले. फेलिक्स बी. काइग्नेत यांची १९४८ मध्ये हवानाच्या सीएमक्यू केंद्रावरून सुरू झालेली ‘एल देरेचो दे नासेर’ ही रेडिओ मालिका हा त्यातला सर्वांत गाजलेला नमुना. तीत दोन रफाएल देल हुंको या म्हाताऱ्या पात्राला एक मोठे गुपित ठाऊक असते, आणि नेमकी त्याचीच वाचा बसते. हा म्हातारा आज तरी बोलेल का, या एका प्रश्नावर श्रोते कितीतरी भाग खिळून राहिले. त्या नटाने मानधन वाढवून मागितले म्हणून लेखकाने त्याची बोलती बंद केली, असा किस्साही प्रचलित आहे. किस्सा खरा असो वा नसो, माहिती कोणाला द्यायची, कोणापासून दडवायची आणि किती काळ, यावर रोजची मालिका कशी चालते ते त्यातून नेमके दिसते. काइग्नेत यांनी पात्राचे तोंड बंद केले, तर ब्रावो अ‍ॅडम्स यांनी नायकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. खरी दोषी कोण हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, नायकाला नाही. सूड योग्य व्यक्तीवर उगवला गेला असता तर कथा पंधरवड्यात आटोपली असती. तो भलतीवर उगवला जातो, म्हणून ती महिनोन् महिने चालू शकते आणि म्हणूनच तीत प्रेमाला शिरकाव मिळतो. प्रेम आणि सूड यांची सांगड घालणारे लेखक पुष्कळ झाले, पण एकाच गैरसमजातून दोन्ही उगवतील अशी रचना इतक्या काटकसरीने क्वचितच कोणी केली असेल.

ही कथा प्रथम रेडिओसाठी लिहिली गेली आणि १९५२ मध्ये मार्गा लोपेझ व होर्खे मिस्त्राल यांना घेऊन तिच्यावर मेक्सिकन चित्रपट निघाला. दूरचित्रवाणीवर ती जरा उशिरा आली. मेक्सिकोतील आधुनिक टेलिनोव्हेलाची सुरुवात १९५८ च्या ‘सेंदा प्रोहिबिदा’पासून मानली जाते. तिचे लेखन फेर्नांदा वियेली यांचे होते, प्रायोजक अर्थातच कोलगेट-पामोलिव्ह होते, आणि भाग थेट प्रक्षेपित होत असत. रोज नवे संवाद पाठ करणे नटांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने त्यांच्या कानात छोटे यंत्र बसवून पडद्याआडून ओळी पुरवण्याची पद्धत तेथे रुळली आणि ती पुढे कित्येक दशके टिकली. या मालिकांतील नट बोलण्यापूर्वी क्षणभर थबकून समोरच्याकडे रोखून पाहताना दिसतात, त्यामागे भावनेइतकाच या यंत्राचाही हात असावा असा संशय घ्यायला जागा आहे.

पुढे ‘सेन्योर टेलिनोव्हेला’ म्हणून ओळखले गेलेले निर्माते एर्नेस्तो आलोन्सो यांनी १९६५ मध्ये ‘ला मेन्तिरा’ छोट्या पडद्यावर आणली. वेरोनिकाच्या भूमिकेत हुलिसा आणि देमेत्रियोच्या भूमिकेत एन्रिके लिसाल्दे होते. दुसऱ्याच वर्षी हीच जोडी ब्रावो अ‍ॅडम्स यांच्याच ‘कोरासोन साल्वाहे’मध्ये झळकली आणि १९७० मध्ये ‘ला मेन्तिरा’ याच दोघांना घेऊन पुन्हा चित्रपटरूपात आली. १९८२ मध्ये आलोन्सो यांनी ‘एल आमोर नुन्का मुएरे’ या नावाने हीच कथा नव्याने सादर केली.

या कथेत सूड घेण्याचे साधन म्हणून लग्न का निवडले गेले, याचा विचार करण्याजोगा आहे. मेक्सिकोत क्रांतीच्या काळात, १९१४ मध्येच घटस्फोट कायदेशीर झाला होता, परंतु कॅथलिक मध्यमवर्गाच्या मनात चर्चमधले लग्न न तुटणारेच राहिले. त्यामुळे लग्न हाच नायिकेसाठी पिंजरा होतो. नवऱ्याच्या मनात काय आहे ते कळल्यावरही ती सहजासहजी निघून जाऊ शकत नाही, आणि तिला तेथे कोंडणारा नायकही त्याच पिंजऱ्यात अडकतो. लेखिकेच्या एकोणिसाव्या शतकात घडणाऱ्या ‘बोदास दे ओदियो’तही मनाविरुद्धचा विवाह असाच केंद्रस्थानी आहे. तिच्यावरून निघालेली २००३ ची ‘आमोर रेआल’ फार लोकप्रिय झाली.

भारताशी मेक्सिकन मालिकांचा जो महत्त्वाचा संबंध आला तो या सुडाच्या शाखेतून आला नाही. मेक्सिकन निर्माते मिगेल साबिदो यांनी १९७५ च्या ‘व्हेन कोन्मिगो’तून प्रौढसाक्षरतेचा आणि १९७७ च्या ‘आकोम्पान्यामे’तून कुटुंबनियोजनाचा प्रचार केला. वर्ध्याचे खासदार आणि माहिती व प्रसारण खात्याचे मंत्री राहिलेले वसंत साठे यांना त्या प्रयोगांचे अप्रूप वाटले आणि त्यातूनच १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ अवतरली.

१९९८ च्या आवृत्तीकडे पाहताना त्या वेळची मेक्सिकोतील स्पर्धा लक्षात घ्यावी लागते. १९९३ मधील खासगीकरणातून उभ्या राहिलेल्या टीव्ही अस्तेकाने १९९७ मध्ये ‘मिरादा दे मुहेर’ दाखवली. तिच्यात नवऱ्याने सोडून दिलेली पन्नाशीची स्त्री आपल्याहून तरुण पुरुषाच्या प्रेमात पडते. त्याच वर्षी टेलेव्हिसाचे सर्वेसर्वा एमिलियो आस्काररागा मिल्मो यांचे निधन झाले आणि सूत्रे त्यांच्या मुलाकडे गेली. प्रतिस्पर्धी वाहिनी अशा नव्या विषयांना हात घालत असताना टेलेव्हिसाने घरचे जुने, हमखास चालणारे नाणे पुन्हा बाजारात आणले. ते चाललेही, आणि त्याचे बरेचसे श्रेय माझ्या मते कार्ला आल्वारेस यांनी साकारलेल्या विर्हिनियाला जाते. खलनायिका मुळीच आरडाओरडा न करता, नम्रपणे मान खाली घालून वावरते म्हणून तर नायकाची चूक पटण्याजोगी होते.

२०१० च्या ‘कुआंदो मे एनामोरो’ने कथा द्राक्षमळ्यांत नेली आणि दोघींची नावे रेनाता व रोबेर्ता अशी ठेवली. आद्याक्षर बदलले, युक्ती तीच राहिली. दरम्यान १९९८ ची वेरोनिका, म्हणजे केट देल कास्तियो, २०११ मध्ये टेलेमुंदो या अमेरिकेतील स्पॅनिश वाहिनीच्या ‘ला रेइना देल सुर’मध्ये अमली पदार्थांच्या व्यापारात उतरणाऱ्या, मेक्सिकोतील कुलियाकान शहराच्या तेरेसा मेंदोसाच्या रूपात आली. तेथे प्रियकराच्या हत्येचा हिशेब स्त्री स्वतःच मांडते, आणि तिच्या बाबतीत चुकीच्या माणसावर नेम धरला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही चार वर्षांनी, २०१५ मध्ये, टेलेव्हिसाने ‘लो इम्पेर्दोनाब्ले’ काढली. नायकाचे नाव आता मार्तिन होते आणि कथा खाणीच्या गावात घडत होती. नायिकांची नावे मात्र पुन्हा वेरोनिका आणि विर्हिनिया हीच होती.