सरपंचपदावर हरकत घ्यायची? आधी तारीख बघा

निफाड, सिन्नर, दिंडोरीकडून बरेच जण आमच्याकडे अर्ज टाईप करायला येतात, म्हणणं एकच, हा माणूस सरपंचपदाला पात्रच नाही. पण बहुतेकांच्या अर्जात दोन वेगळी प्रकरणं एकत्र केलेली असतात आणि तिथेच गाडी अडते.

मतमोजणीत घोळ झाला, निवडणुकीत गैरप्रकार झाला असं असेल तर ती निवडणूक याचिका, ती दिवाणी कोर्टात आणि निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसात. मागे एक काका फोटो, व्हिडिओ, सगळं पिशवीत घेऊन आले, पण तीन आठवडे गावातल्या बैठकांमध्येच गेलेले. फार वाईट वाटलं, त्यांच्यासारखं कुणाचं होऊ नये म्हणून हे पत्रक.

अपात्रतेचं वेगळं. दोनपेक्षा जास्त मुलं, सरकारी जागेवर अतिक्रमण, थकलेली घरपट्टी, हे सगळं ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये येतं आणि अर्ज जातो कलेक्टर ऑफिसला. निर्णय पटला नाही तर नाशिकरोडला विभागीय आयुक्तांकडे अपील, त्यालाही १५ दिवसच. अतिक्रमण घरच्यांनी केलंय, माझं नाही, असं म्हणून सुटता येत नाही, सदस्य त्याच जागेत राहत असेल तर तोही अपात्र ठरतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ ला जनाबाई प्रकरणात सांगितलंय.

घरपट्टीसाठी नुसता थकबाकीचा उतारा आणू नका हो. ३ महिने मोजतात ते मागणीचं बिल हातात पडल्यापासून, म्हणून बिलाच्या स्थळप्रतीवर घेणाऱ्याची सही आणि तारीख आहे का ते आधी ग्रामपंचायतीत बघून या. सही नसेल तर सगळं प्रकरण तिथेच लंगडं पडतं.

नेमणूकच नियमाबाहेर झाली असेल तर हायकोर्टात अधिकारपृच्छेची रिट, म्हणजे को वॉरंटो, 'कुठल्या अधिकाराने या पदावर बसलात' हा सरळ प्रश्न. ती कुणीही नागरिक करू शकतो, स्वतःचं नुकसान झालेलं असावं लागत नाही. आपल्या जिल्ह्यासाठी मुंबई गाठावी लागते आणि वकील घेतलेला बरा, आम्ही फक्त कागद जुळवून देतो. सप्टेंबर २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जयललितांची मुख्यमंत्रिपदावरची नेमणूक याच प्रश्नावर रद्द केली होती.

आणि सरपंच गेले तर त्यांनी सही केलेला माझा दाखला बाद का, हे तर रोजच कुणीतरी विचारतं. घाबरू नका. जयललितांच्या त्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की पदावर असताना केलेली एरवी कायदेशीर असलेली कामं एवढ्या कारणाने रद्द होत नाहीत, तेव्हा दाखला जपून ठेवा आणि झेरॉक्सही काढून ठेवा.